नवा पोरगा संघात आला की...

आयपीएलच्या लिलावात आपल्या भागातलं नाव पुकारलं गेलं की नांदेड-लातूरचे व्हॉट्सअॅप ग्रुप पेटतात. पहिल्या विकेटला 'पुढचा झहीर', पहिल्या वाईडला 'घरी बसवा'. मधला टप्पाच नाही!

तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगर्गेकर घ्या. 2022 मध्ये 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. लगेच चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं आणि अख्खा मोसम बाकावर बसवलं. पदार्पण झालं 31 मार्च 2023 ला, अहमदाबादेत गुजरातविरुद्ध. चार षटकं, 36 धावा, साहा, साई सुदर्शन आणि विजय शंकर या तिघांच्या विकेट. झकास सुरुवात! पण त्या मोसमात तो एकूण दोनच सामने खेळला. पुढे लखनौने त्याला 30 लाखांना घेतलं.

आता यात पोरगा वाया गेला असं कुठे आहे? वेगवान गोलंदाजाचं अंग भरायला, लय बसायला वेळ लागतोच. अमेरिकन फुटबॉलमध्येही हेच. पेटन मॅनिंगने 1998 च्या पहिल्याच मोसमात 28 इंटरसेप्शन दिले, म्हणजे 28 वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. पुढे तोच दिग्गज ठरला. पॅट्रिक माहोम्स पहिलं वर्ष जवळपास बाकावरच होता.

तेव्हा बीडच्या सचिन धसकडून रोज 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातल्या 96 धावा मागू नका. दोन-तीन मोसम रणजीचे आकडे बघा, मग काय ते बोला.