सुंबरान : ओवी, कथा आणि गजी

'शान-नोस' या आयरिश शब्दाचा अर्थ 'जुनी रीत'. आयर्लंडच्या पश्चिम भागात वाद्याच्या साथीवाचून गायिल्या जाणाऱ्या आयरिश गाण्यांना हे नाव आहे. कॉनेमाराचे जो हीनी (१९१९–१९८४) हे या रीतीचे नामवंत गायक. गाण्याआधी त्यामागची हकिकत ते गद्यात सांगत, कारण गाण्यात प्रसंगाची नुसती खूण असते. प्रसंग हकिकतीत असतो.

अशी जुनी रीत आपल्याकडे शोधू लागलो, की मला धनगरी ओवी दिसते. सातारा-सांगलीच्या माणदेशात, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने (१९५५) वाचकांना परिचित करून दिलेल्या मुलखात, बिरोबा, धुळोबा, म्हस्कोबा यांची चरित्रे ओवीतून सांगितली जातात. आरंभाच्या आवाहनाला 'सुंबरान मांडणे' म्हणतात; त्याचे नाते 'स्मरणा'शी आहे. ढोल-झांजेच्या साथीवर गायक काही ओव्या म्हणतो, मग थांबतो आणि तोच भाग गद्यात सांगतो. ही 'कथा'. पुन्हा ओवी, पुन्हा कथा, अशी रात्र सरते.

जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील ग्रंथ लिहिला. मेंढपाळांच्या वाटा, कुळे, देवांची ठाणी यांचा इतिहास त्यांना या मौखिक ठेव्यात सापडला. रा. चिं. ढेरे यांनीही विठ्ठलाचे मूळ शोधताना धनगरांच्या विठ्ठल-बिरोबाकडे लक्ष वेधले.

ओवीच्या जोडीला गजी. आरेवाडीच्या बिरोबासारख्या ठाण्यांशी जोडलेले हे पुरुषांचे सामूहिक नृत्य. पांढरा पायघोळ झगा, हातात रंगीत रुमाल आणि पावलांचा ताबा ढोलाकडे.

आज गजी शोभायात्रेत आणि रंगमंचावर सहज भेटते. तिथे वेळ मोजका असतो. पावले, झगे, रुमाल त्यात बसतात. कथा बसत नाही. ती चालीवर म्हणता येत नाही, तिला टाळी नाही, म्हणून कात्री प्रथम तिच्यावर चालते. पण कुठला देव कुठल्या वाटेने आला, कोणत्या कुळाकडे राहिला, हे सविस्तर कळते ते कथेतच. लेखी दप्तर नसलेल्या समाजाचे ते दप्तर आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : ध्वनिमुद्रण करणाऱ्याने गाणे संपले म्हणून यंत्र बंद करू नये. गायक बोलू लागतो, तेव्हाच खरा मजकूर सुरू होतो.