पाळणा हलला, तरी डाव चालू!

घरात बाळ आलं की पहिली कात्री लागते ती आईबाबांच्या छंदाला. डायपर, लसी, पाळणाघर, पुढे शाळेची फी. या यादीत नवा गेम किंवा आवडत्या चित्रकाराचं पुस्तक कुठं बसवायचं? पण खेळ आणि चित्रं यांनी घर जागं राहतं, म्हणून ती टिकवायलाच हवीत. छंद कमी पैशांत कसा जगवायचा हे नाशिकला चांगलं ठाऊक आहे, आणि वेबवर कॉमिक काढणाऱ्यांनी पोट भरण्याच्या भन्नाट वाटा शोधल्या आहेत. घ्या, एकेक वाचा.

विमा गहाण, छंद मोकळा
चित्रपटकार दादासाहेब फाळके नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे. एप्रिल १९११ मध्ये थोरल्या भालचंद्रला घेऊन ते गिरगावात हलती चित्रं पाहायला गेले आणि झपाटून परतले. वय चाळिशीच्या पुढे, पदरात मुलं. तरी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये हलत्या चित्रांचं तंत्र शिकायला त्यांनी लंडन गाठलं. पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची छोटी फिल्म करून दाखवली. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. गुंतवणूकदारांसाठीचा डेमो व्हिडिओ आपल्याकडे इतका जुना आहे!

कलाकार घरचेच
१९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला तो भालचंद्र, आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती लेक मंदाकिनी. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या आणि साऱ्या कंपनीचा स्वयंपाकही सांभाळायच्या. फाळक्यांनी साध्या आगकाड्या हलवूनही एक अ‍ॅनिमेशनपट केला होता. नाशिकमध्ये केलेला ‘लंकादहन’ (१९१७) इतका चालला की गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. या घरात मुलं छंदाच्या आड आली नाहीत, छंदातच उतरली.

दगडावरचा पट
सर्वांत स्वस्त खेळ पाहायचा तर नाशिकच्या पांडवलेण्यांवर चढा. इथल्या दगडात जुन्या बैठ्या खेळांचे पट कोरलेले आढळले आहेत आणि नाशिकच्या अभ्यासकांनी त्यांच्या नोंदी केल्या आहेत. काही पटांत नुसते खळगे आहेत, ओळीनं मांडलेले. असा पट घरी हवा असेल तर अंड्याचा रिकामा ट्रे आणि मूठभर चिंचोके पुरतात. खळग्याखळग्यात चिंचोके टाकत पुढे जायचं, जास्त जमवेल तो जिंकला. चार वर्षांच्या मुलाचं मोजणं पक्कं होतं आणि थकलेल्या बाबालाही डोकं चालवावं लागतं.

सापशिडीचं गोत्र
सापशिडीचा पूर्वज मोक्षपट. परंपरेनं तो संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो, आणि त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे. मोक्षपटात साप म्हणजे दुर्गुण, शिडी म्हणजे सद्गुण आणि शेवटचं घर म्हणजे मोक्ष. खेळता खेळता शिकवणारे ‘एज्युकेशनल गेम’ आज महागड्या खोक्यांत मिळतात. आपल्याकडे तेच काम एका कापडानं आणि कवड्यांनी केलं.

नाशिकचा विदित
विदित गुजराथी हा नाशिकचा मुलगा २०१३ मध्ये बुद्धिबळात ग्रँडमास्टर झाला. २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा त्यानं जिंकली आणि २०२४ मध्ये बुडापेस्टला ऑलिंपियाडचं सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता. लॉकडाऊनमध्ये विनोदी कलाकारांसोबत यूट्यूबवर डाव मांडून त्यानं हजारो घरांत बुद्धिबळाची गोडी लावली. लिचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ तर पूर्ण फुकट, जाहिरातीही नाहीत. २०१० मध्ये सुरू झालेलं हे संकेतस्थळ देणग्यांवर चालतं. ज्यांना परवडतं ते देतात, बाकीचे निवांत खेळतात.

कॉम्प्युटरवरची काटकसर
एपिक गेम्सचं ऑनलाइन दुकान दर आठवड्याला एखादा तरी गेम फुकट देतं. एकदा खात्यात घेतला की तो कायमचा आपला. बाळ झोपेल तेव्हा खेळा. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात एका घरातल्या सहा जणांना आपापले गेम वाटून घेता येतात, शिवाय मुलांसाठी वेळेची मर्यादाही घालता येते. मोठे गेम निघाल्याच्या दिवशी घेऊच नयेत. वर्षभरात किंमत बऱ्यापैकी उतरते, चुका दुरुस्त झालेल्या असतात, आणि तान्ह्या बाळाच्या घरात वर्ष कसं जातं ते कळतही नाही!

एक धोक्याची घंटा
खेळ वेगळा आणि खेळावर पैसे लावणं वेगळं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. ‘छंदातून घरखर्च निघेल’ असं सांगून पैसे भरायला लावणारं अ‍ॅप दिसलं की ते लगेच काढून टाका. गेमवर किती खर्च करायचा तो आकडा महिन्याच्या पहिल्या तारखेला, नवरा-बायकोनं मिळून ठरवावा.

ग्रंथपेटी, मग खेळपेटी का नको?
कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम विनायक रानडे यांनी २००९ मध्ये नाशिकमधून सुरू केला. पुस्तकांनी भरलेली पेटी एका गटाकडे द्यायची, वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. बघता बघता या पेट्या दुबई आणि टोकियोपर्यंत पोचल्या. हीच रीत बैठ्या खेळांना तंतोतंत लागू पडते. सोसायटीतल्या सहा कुटुंबांनी एकेक चांगला खेळ घेतला आणि दर महिन्याला पेटी फिरवली, तर प्रत्येक घराला एका खेळाच्या किमतीत सहा खेळ मिळतात.

मांजरं आली, डॉलर घेऊन
आता चित्रकारांकडे वळू. ‘द ओटमील’ हे वेबकॉमिक काढणारा मॅथ्यू इनमन २०१५ मध्ये दोन मित्रांसोबत ‘एक्स्प्लोडिंग किटन्स’ हा पत्त्यांचा खेळ घेऊन किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आला. मागणी होती १० हजार डॉलरची. २ लाख १९ हजारांहून जास्त लोकांनी मिळून दिले ८७ लाखांहून अधिक! वर्षानुवर्षं फुकट हसवलेल्या वाचकांनी एका फटक्यात परतफेड केली.

गेमवरचं कॉमिक, रुग्णालयातले खेळ
‘पेनी आर्केड’ हे १९९८ पासूनचं वेबकॉमिक व्हिडिओ गेमवरच आहे. जाहिराती, पुस्तकं, टी-शर्ट यांवर ते उभं राहिलं, २००४ पासून त्याच्या नावानं गेमर्सचं मोठं संमेलनही भरू लागलं. २००३ मध्ये त्याच्या कर्त्यांनी मुलांच्या रुग्णालयांना खेळणी आणि गेम देणारी ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्थाही काढली.

चित्र फुकट, पुस्तक विकत
रँडल मन्रोचं ‘एक्सकेसीडी’ २००५ पासून कुणालाही फुकट वाचता येतं. कमाई होते ती पुस्तकांतून आणि छापील वस्तूंमधून. अ‍ॅलिस ओसमन हिचं ‘हार्टस्टॉपर’ २०१६ मध्ये वेबवर सुरू झालं, वाचकांच्या वर्गणीतून पुस्तक झालं आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका बनून आलं. कोरियाच्या वेबटूनची युक्ती आणखी गमतीदार: थांबायची तयारी असेल तर भाग फुकट, पुढचा आजच हवा असेल तर पैसे मोजा!

आपली खिडकी, आपला चिंटू
चित्रांवर पोट भरणं मराठीत नवं नाही. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला ‘आवाज’ दिवाळी अंक खिडकी-चित्रांसाठी हातोहात खपायचा. वाचकानं बोटानं खिडकी उघडली की विनोद पूर्ण. मग आला चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाली, तिची पुस्तकं निघाली आणि २०१२ व २०१३ मध्ये दोन चित्रपटही आले. एकाच पात्रातून रोजचं मानधन, पुस्तकांची विक्री आणि चित्रपट, अशा तीन वाटा निघाल्या. आज वेबवर कॉमिक काढणाऱ्या मराठी पोरापोरींनी हाच धडा गिरवावा.

पन्नासाची ताकद
२०१३ मध्ये संगीतकार जॅक कॉन्टे यानं सॅम याम याच्यासोबत ‘पेट्रिऑन’ सुरू केलं. त्यावर चाहते कलाकाराला दरमहा ठरावीक रक्कम देतात. हिशेब सोपा आहे. शंभर वाचकांनी ५० रुपये दिले तर महिन्याचे ५ हजार, पाचशे जणांनी दिले तर २५ हजार. नव्या चित्रकारासाठी ही रक्कम म्हणजे नोकरी सांभाळून रात्री जागण्याऐवजी दिवसा काम करण्याची मुभा. लग्नपत्रिकेवरची कार्टून, बाळाच्या बारशाची चित्रं, पोस्टर आणि स्टिकर यांची भर पडली की गाडी रुळावर येते.

म्हणून या महिन्यात दोन कामं करा. शेजाऱ्यांना विचारून खेळपेटी सुरू करा, आणि मोबाईलवर रोज हसवणाऱ्या एखाद्या मराठी चित्रकाराला एका मिसळीच्या प्लेटइतके पैसे पाठवा. चित्र पुढे पाठवताना त्याचं नाव कापू नका. पुढचं काम त्याला त्या नावावरच मिळतं. आईबाबा खेळत राहिले तर मूल खेळायला शिकेल, आणि चित्रकाराची चूल पेटती राहिली तर त्या मुलाला त्याच्या पिढीचा चिंटू मराठीतच भेटेल.