वाकून राहायला हवा असा धातू

धमनी उघडी ठेवणारे स्टेंट बनवणाऱ्या सुरतमधल्या एका कारखान्यात डिझाइनच्या पडद्यावर अख्खा स्टेंट नव्हताच; होतं फक्त एक वळण. स्टेंटच्या नागमोडी कड्यातल्या अशा वळणाला इथे 'क्राउन' म्हणतात. आतून फुगा फुगला की सरळ पट्ट्या जवळपास तशाच राहतात, उघडतात ती ही वळणं. सगळा ताण तिथे गोळा होतो आणि संगणक ती जागा लाल दाखवतो. "लाल म्हणजे बिघडलं का?" मी विचारलं. "नाही हो, तिथे वाकायलाच हवं. वाकून परत आलं तर बिघडलं," धुळ्याकडचा इंजिनिअर म्हणाला.

हृदयाच्या धमनीतला कोबाल्ट-क्रोमियमचा स्टेंट कायमचा वाकला, तरच फुगा काढल्यावर उघडा राहतो. तरी थोडा आक्रसतोच; तेवढं आधीच हिशोबात धरतात. मांडीतल्या धमनीचं गणित नेमकं उलटं. पाय दुमडला की ती वाकते, पिळली जाते. कोबाल्ट-क्रोमियमचा स्टेंट तिथे चेपला तर चेपलेलाच राहील. म्हणून तिथे निकेल-टायटॅनियमचा नायटिनॉल वापरतात. बारीक नळीत दाबून नेलेला हा स्टेंट बाहेर पडताच आपला आपण फुलतो.

मला खरी मेख वाटली ती पट्टीच्या मापात. 2003 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सायफर या औषधी स्टेंटची पट्टी सुमारे 140 मायक्रॉन जाड होती. आता काहींची 60च्या आसपास, म्हणजे केसाएवढी असते. पातळ पट्टीवर धमनीचं अस्तर लवकर चढतं. मग ताकदीचं काय? वळण उघडतं ते नळीच्या पृष्ठभागालगत. त्यामुळे जाडी निम्मी केली तर ताठरपणा निम्म्यावर येतो. रुंदी निम्मी केली तर आठवा हिस्साच उरतो. साहजिकच काटकसर जाडीत होते.

कड्यांमधले दुवे कमी केले तर स्टेंट वाकड्यातिकड्या धमनीतून सहज सरकतो. फारच कमी केले, तर नंतर आत जाणारा एखादा कॅथेटर अडकून स्टेंट लांबीत चेपला जाऊ शकतो.

शिवाय आराखड्यातली पट्टी मुद्दाम जास्त जाड काढतात, कारण लेझरने कापल्यावर विजेच्या पॉलिशमध्ये धातू झिजतो. मग चाचणी: सिलिकॉनच्या नळ्यांत बसवलेले नमुने सुमारे 40 कोटी वेळा, म्हणजे दहा वर्षांच्या ठोक्यांइतके, ताणले जातात. यंत्र हृदयापेक्षा कितीतरी वेगाने चालतं, म्हणून हे काही महिन्यांत उरकतं. एखादी पट्टी तुटलीच, तर भिंगाखाली आधी एकच पाहतात: तडा वळणाच्या आतून सुरू झाला की बाहेरून.