छोट्या शब्दांचे मोठे व्यवहार

इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचणाऱ्या सुशिक्षित ग्राहकालाही बँकेचे एखादे पत्र दोनदा वाचावे लागते, आणि दुसऱ्या वाचनानंतरही अर्थाविषयी शंका उरतेच. रायपूरच्या उत्तरेस बिलासपूर मार्गावर असलेल्या भनपुरीच्या औद्योगिक क्षेत्रात काम करताना हा अनुभव वारंवार येतो. येथील ग्राहकवर्गात कारखानदार आहेत, वाहतूक व्यावसायिक आहेत, हिशेबनीस आणि फोरमनही आहेत. त्यांतील मराठी कुटुंबांचा दिवस घरी मराठी, बाजारात छत्तीसगढी, कार्यालयात हिंदी आणि कागदावर इंग्रजी असा चार भाषांत जातो. ‘हायपोथिकेशन’सारख्या जडजंबाल शब्दाने ही मंडळी अडत नाहीत. तो शब्द अनोळखी आहे हे लगेच उमगते, त्यामुळे त्याचा अर्थ ते विचारून घेतात. फसवतात ते ओळखीचे शब्द. ‘राइट’ ठाऊक आहे, ‘ऑफ’ही ठाऊक आहे, मग ‘राइट ऑफ’चा अर्थ कोणाला विचारण्याचे कारणच काय?

एका लघुउद्योजकाला हा न विचारलेला प्रश्न महागात पडला. आपल्या पतमाहिती अहवालात जुन्या कर्जापुढे ‘रिटन ऑफ’ असे छापलेले पाहून, कर्ज माफ झाले अशी त्यांची समजूत झाली. उरलेली रक्कम भरण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. पुढे नवे यंत्र घेण्यासाठी कर्जाचा अर्ज केला, तेव्हा नेमकी तीच नोंद आडवी आली. वस्तुतः ‘राइट ऑफ’ ही कर्ज देणाऱ्या संस्थेच्या हिशेबातील नोंद होय. ज्या रकमेच्या वसुलीची आशा मावळली आहे, ती ताळेबंदातील मालमत्तेतून काढून टाकली जाते. कर्जदाराची देणेदारी मात्र कायम राहते आणि वसुलीची कारवाईही चालू राहू शकते. कर्ज माफ करण्यासाठी इंग्रजीत ‘वेव्ह’ हे निराळे क्रियापद आहे. हात हलवण्याच्या ‘वेव्ह’शी त्याचा केवळ उच्चार जुळतो. मराठीत ‘निर्लेखन’ आणि ‘माफी’ असे दोन स्वतंत्र शब्द असताना बोलताना आपण दोन्हींना ‘राइट ऑफ’ म्हणून मोकळे होतो. या गोंधळाला वृत्तपत्रांतील मथळेही थोडेफार जबाबदार आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अशा जोडक्रियापदांना इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्यांच्या लांबलचक याद्या असतात आणि विद्यार्थी त्या घोकत बसतात. माझ्या मते हा खटाटोप बव्हंशी वाया जातो. कारण या प्रकारच्या रचनेची जाण मराठी माणसाला मुळातच आहे; ती इंग्रजी शिकताना उपयोगात आणायची, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

‘लिहिणे’ हेच क्रियापद घ्या. लिहून घेतले, लिहून दिले, लिहून ठेवले, लिहून काढले, लिहून टाकले. पाचही ठिकाणी लेखणी तीच, पण अर्थ पाच. ‘जमीन भावाला लिहून दिली’ यात मालकी हस्तांतरित झाली; ‘पत्ता लिहून घेतला’ यात केवळ टिपण झाले. ‘लिहून टाकले’ यात कोणी काही फेकलेले नाही, काम एकदाचे उरकले इतकेच. हा भेद आपल्याला कोणत्याही शिक्षकाने फळ्यावर शिकवलेला नाही. आता इंग्रजीकडे वळा. ‘राइट डाउन’ म्हणजे टिपून घेणे, आणि हिशेबाच्या भाषेत मालमत्तेचे पुस्तकी मूल्य कमी करणे. ‘राइट अप’ म्हणजे ते वाढवणे. ‘राइट बॅक’ म्हणजे पूर्वी केलेली तरतूद आता गरज न उरल्याने नफ्यात परत घेणे. ‘राइट आउट’ म्हणजे चेक वगैरे पूर्ण लिहून काढणे. आणि ‘राइट ऑफ’चा अर्थ वर आलाच आहे. फरक एवढाच की, मराठीत मुख्य क्रियापदाला दुसरे क्रियापद साहाय्य करते, तर इंग्रजीत वर, खाली, बाहेर, पलीकडे असे दिशा दाखवणारे छोटे शब्द हे काम करतात.

म्हणून यादी करायचीच असेल, तर ती या छोट्या शब्दांनुसार करावी. ‘ऑफ’मध्ये बहुधा सुटण्याचा, वेगळे होण्याचा भाव असतो: ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज फेडून मोकळे होणे. ‘ओव्हर’मध्ये एका बाजूकडून दुसरीकडे जाणे असते: ‘हँड ओव्हर’, ‘टेक ओव्हर’, किंवा मुदत संपलेली रक्कम पुढच्या मुदतीत नेण्याचे ‘रोल ओव्हर’. हा नियम सर्वत्र चालत नाही, हेही खरे. शाळेत ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासास निघणे असे शिकलेल्या माणसाला बँकेच्या कागदातील ‘राइट ऑफ सेट-ऑफ’ वाचून काय बोध होणार? तेथे तो ठेवीदाराच्या जमा रकमेतून त्याचे थकलेले देणे वळते करून घेण्याचा बँकेचा अधिकार असतो. शिवाय येथील ‘राइट’ हा अधिकारवाचक, लेखनाचा नव्हे! सर्वनामाचे स्थानही सांभाळावे लागते. ‘पे ऑफ द लोन’ चालते, परंतु कर्जाऐवजी ‘इट’ आले की ‘पे इट ऑफ’ असेच म्हणावे लागते.

भनपुरीसारख्या कारखानदारीच्या भागात ‘ले ऑफ’ हा शब्द तर पोटापाण्याशी निगडित आहे. कच्चा माल, वीज वा कोळसा नसल्याने कामगाराला तात्पुरते काम देता न येणे, असा त्याचा अर्थ भारतीय कामगार कायद्यात आहे. छटणीसाठी ‘रिट्रेंचमेंट’ हा वेगळा शब्द आहे. परदेशी कंपन्यांच्या बातम्यांत मात्र ‘ले ऑफ’ म्हणजे नोकरीच गेली. बातमीतील अर्थ नोटिशीला लावला, तर तात्पुरत्या काम-बंदीच्या सूचनेनेही घरात रडारड व्हायची.

परकीय अर्थव्यवहार आपल्या भाषेत आणण्याच्या कामात रायपूरचा वाटा अभिमानास्पद आहे. मराठी मातृभाषेचे माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक परिभाषा कोशात अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांनीच केले. 1926 मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. इकडे महाराष्ट्रात द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून पुन्हा मराठी, ही तिची रीत आज जुनाट वाटते. पण शब्दाचा अर्थ खरोखर कळला की नुसता ओळखीचा वाटला, हे तपासण्यास तिच्याइतके सोपे साधन मला तरी आढळलेले नाही.

वाक्प्रचारांना तर ही कसोटी लावावीच. ‘सेव्हिंग फॉर अ रेनी डे’ म्हणजे अडचणीच्या दिवसासाठी शिल्लक टाकणे. कोकणातील माणसाला ‘पावसाळ्याची बेगमी’ आठवून हे चटकन पटेल. पण धानाचे कोठार म्हणवणाऱ्या छत्तीसगढच्या शेतकऱ्याला पावसाचा दिवस संकटाचा कसा, असा प्रश्न पडेल. ‘नेस्ट एग’ला आपल्याकडे ‘गंगाजळी’ आहे. ‘रॉबिंग पीटर टू पे पॉल’ म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर. एका क्रेडिट कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डातून भागवणाऱ्यांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. चेक ‘ऑनर’ होणे याला आपण ‘वटणे’ म्हणतो, आणि जुने सराफ हुंडी ‘सकारत’ असत. इतका नेटका शब्द आपण विस्मृतीत टाकला, याची खंत वाटते.

सर्वांत सावध राहावे ते जामीनदाराने. जामीनपत्रातील ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ या शब्दांत ‘सेव्हरल’ म्हणजे ‘अनेक’ हा शालेय अर्थ डोकावतो, आणि चार जामीनदार असतील तर आपल्या वाट्याला पाव हिस्सा, असा हिशेब मांडला जातो. येथे ‘सेव्हरली’ म्हणजे प्रत्येकजण स्वतंत्रपणे, आणि तोही संपूर्ण रकमेला जबाबदार. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 नुसार करारात अन्यथा ठरले नसल्यास जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते.

रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी, तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी प्रमुख अटींचे विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे आणि ते समजावून सांगून त्याची पोच घेणे बंधनकारक झाले. त्यामुळे विवरणपत्र हाती आल्यावर न समजलेल्या, आणि विशेषतः समजले असे वाटणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी व तो कागद घेऊन शाखेत यावे. दुपारी तीननंतर काउंटरवरील गर्दी ओसरते. त्या वेळी आल्यास निवांत बोलता येईल.