रक्तदाबाचा हुकूम विजेच्या हाती

पाठीच्या कण्याला जबर इजा झालेला माणूस दिसला की आपली नजर आधी त्याच्या पायांकडे जाते. पुन्हा चालेल का, एवढंच आपण विचारतो. किम अँडरसन या संशोधिकेने 681 जखमींना विचारलं, की आयुष्य सुधारण्यासाठी सगळ्यात आधी काय परत हवं? 2004 मध्ये प्रसिद्ध झालेली ती उत्तरं बघण्यासारखी आहेत. हात-पाय दोन्ही लुळे पडलेल्यांनी हातांना पहिली पसंती दिली, तर फक्त पाय गेलेल्यांनी लैंगिक क्षमतेला. चालणं दोघांच्याही यादीत पहिलं नव्हतं. जे बाहेरून दिसत नाही, तेच या माणसांना जास्त छळतं. रक्तदाब त्यातलाच एक.

आपण अंथरुणातून उठतो तेव्हा अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब जोखणारे चेतातंतू असतात. ते लगेच मेंदूच्या खोडाला खबर देतात. तिथून निघालेला हुकूम मज्जारज्जूतून छातीच्या पातळीवरच्या चेतापेशींकडे येतो आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हे सगळं काही क्षणांत होतं, आपल्या नकळत.

मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झाली की हा हुकूम अर्ध्या वाटेत अडतो. कालव्यावरचा पाटकरी जागेवर हजर आहे, दारंही शाबूत आहेत, पण पाणी कधी अडवायचं आणि कधी सोडायचं हे त्याला कळवणारंच कोणी नाही, अशी ही अवस्था. रुग्णाला बसतं करताच डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं अडखळतं, कधी शुद्धही हरपते. मग व्हीलचेअर मागे कलती करायची, पोटाला पट्टा बांधायचा, पायांत घट्ट मोजे चढवायचे, दाब वाढवणारी मिडोड्रिनची गोळी द्यायची. गोळीची अडचण अशी की तिचा अंमल काही तास टिकतो. तेवढ्यात रुग्ण आडवा झाला तर दाब नको तितका चढतो.

गोळीऐवजी वीज वापरली तर? मज्जारज्जूला वीज देण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकी शल्यविशारद नॉर्मन शीली यांनी 1967 मध्ये असह्य वेदना शमवण्यासाठी ती पहिल्यांदा वापरली. पुढे केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये सुझन हार्केमा यांच्या गटाने कमरेच्या पातळीवर वीज देऊन पाय लुळे पडलेल्या माणसाला आधाराने उभं केलं. अशा विजेने घसरलेला रक्तदाबही सावरतो, हे याच गटाने 2018 मध्ये मांडलं. मात्र ती वीज देणारे इलेक्ट्रोड पायांसाठी बसवलेले होते. रक्तदाबासाठी नेमकी जागा कोणती?

हे कोडं स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ग्रेग्वार कुर्तीन आणि जोसेलिन ब्लॉक, तसंच कॅनडातल्या कॅलगरीचे ॲरन फिलिप्स यांनी सहकाऱ्यांसह सोडवलं. उंदरांच्या मज्जारज्जूचा एकेक खंड तपासल्यावर छातीच्या पातळीवरच्या शेवटच्या तीन खंडांत सर्वांत जोरदार प्रतिसाद मिळाला. उंदीर, माकडं आणि एक रुग्ण यांच्यावरचं हे काम 2021 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. वीज थेट पाटकऱ्यापर्यंत, म्हणजे छातीच्या पातळीवरच्या त्या चेतापेशींपर्यंत, जात नाही. ती मागच्या बाजूच्या मुळांतल्या संवेदी तंतूंना चेतवते, आणि मज्जारज्जूतलं शाबूत जाळं तो निरोप पुढे नेतं. वीज देणाऱ्या या यंत्राचं खरं मोठेपण मला इथे वाटतं. शरीरात जे अजून जिवंत आहे, त्याच्याकडूनच ते काम करून घेतं.

हे यंत्र बसवण्याच्या शस्त्रक्रियेत रुग्ण पालथा असतो. मणक्याचं थोडं हाड काढून मज्जारज्जूच्या आवरणावर, ते न कापता, इलेक्ट्रोडची पातळ पट्टी सरकवतात. तिथल्या तिथे वीज देऊन, पडद्यावर दाब कुठे सर्वांत जास्त चढतो ते पाहून पट्टीची जागा पक्की करतात. वीज पुरवणारी चपटी डबी पोटाच्या त्वचेखाली बसते. पुढे खरी परीक्षा कलत्या टेबलावर. पट्ट्यांनी बांधलेल्या रुग्णाला टेबलासकट हळूहळू उभं करतात. वीज बंद असताना दाब घसरत जातो. सुरू केली की आकडा वर येतो आणि माणूस उभ्या स्थितीत जास्त वेळ टिकतो. तीन देशांतल्या 14 जणांवरचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले.

तुटलेला मज्जारज्जू या उपायाने सांधला जात नाही. शस्त्रक्रिया आली की जंतुसंसर्गाची आणि पट्टी सरकण्याची भीती आलीच. उपचार अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे. तो सरसकट मिळू लागण्याआधी मोठ्या चाचण्या पार पडायला हव्यात. तरीही, ताठ बसून जेवता येणं आणि समोरच्याशी सलग बोलता येणं ही किरकोळ गोष्ट नव्हे.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवण्यासारखी आहे. मज्जारज्जूला अशी इजा झालेल्या रुग्णाचा दाब एकाएकी धोकादायकरीत्या चढूही शकतो. तुंबलेलं मूत्राशय हे त्याचं नेहमीचं कारण. घरातल्या रुग्णाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर त्याला आडवं करू नका. ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे पिळली आहे का ते पाहा आणि तातडीने डॉक्टरांना गाठा.