एका बाकावर दोघी : साथीच्या काळात वल्हेकरी क्लब कसा सांभाळला

१९९६ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात २४ बायकांचा एक चमू ड्रॅगन बोटीत बसला. या सगळ्या जणी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेऊन उठलेल्या होत्या. त्या काळी अशा बाईला सरसकट सांगितले जाई, हाताला जोर देऊ नका, जड उचलू नका. शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हातात द्रव साठून सूज येण्याची भीती असते. या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात. एकदा आली की ती पुरती जात नाही.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक डॉ. डॉन मॅकेन्झी यांना हा सल्ला पटत नव्हता. म्हणून त्यांनी मुद्दाम हात, खांदा आणि छाती यांना सगळ्यात जास्त काम देणारा खेळ निवडला. आधी व्यायामशाळेत हळूहळू ताकद वाढवली, मग बायकांना पाण्यावर नेले. हंगाम संपला तेव्हा त्यांच्यापैकी एकीच्याही हाताला नवी सूज आलेली नव्हती. ‘अब्रेस्ट इन अ बोट’ हे त्या चमूचे नाव. त्यांचे पाहून पुढे देशोदेशी असे संघ उभे राहिले. २०१८ साली इटलीतल्या फ्लोरेन्सला त्यांचा जागतिक मेळा भरला होता.

आणि मग २०२० उजाडले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक साथ जाहीर केली. होड्या काठावर उलट्या घालून ठेवल्या गेल्या.

दोन्हीकडून कोंडी

या बायकांपुढचा पेच साधा नव्हता. होडी बंद राहिली तर हाताचा व्यायाम थांबतो, वजन वाढते, मन खचते. ज्या मैत्रिणींशी आजाराबद्दल मोकळेपणाने बोलता येते त्याच भेटेनाशा होतात. होडी सुरू केली तर ज्यांची केमोथेरपी चालू आहे, ज्यांचे वय झाले आहे, ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या जिवाला धोका. एरवीच्या वल्हेकरी क्लबांतही थोड्याफार फरकाने हेच होते. प्रत्येक क्लबात कोणीतरी दम्याचा असतो, कोणाच्या घरी म्हातारी आई असते.

आपल्या वस्तीत हा पेच कोणाला समजावून सांगायला नको. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास. तिथे ‘अंतर ठेवा’ हा सल्ला ऐकताना काय वाटले ते आपण विसरलेलो नाही. म्हणून जिथे माणसे मांडीला मांडी लावून बसतात अशा एका खेळाने वाट कशी काढली, हे पाहण्यासारखे आहे.

होडीत धोका कुठे होता

मोठ्या ड्रॅगन बोटीत दहा बाके असतात आणि प्रत्येक बाकावर दोघे, म्हणजे वीस वल्हेकरी. पुढच्या टोकाला ढोल वाजवणारा वल्हेकऱ्यांकडे तोंड करून बसतो आणि मागे सुकाणू धरणारा उभा असतो. शेजाऱ्याचा खांदा खांद्याला लागतो, मागच्याचा श्वास मानेवर येतो. सगळी वल्ही एकाच ठेक्यात पाण्यात गेली पाहिजेत म्हणून जवळ बसावेच लागते. त्यात सगळे धापा टाकत असतात आणि पुढून ढोलवाला ओरडत असतो.

करोनाचा विषाणू श्वासातून, बोलण्यातून, खोकण्यातून बाहेर पडणाऱ्या बारीक थेंबांवाटे आणि कणांवाटे पसरतो. माणूस जितका जोरात श्वास टाकेल किंवा ओरडेल तितके हे कण जास्त. खेळ उघड्यावरचा असल्याने मोकळ्या हवेत ते लवकर विरून जातात, ही त्यातली जमेची बाजू. पण दोन्ही चेहऱ्यांमध्ये हातभर अंतर आणि तासभराची सोबत असेल, तर मोकळी हवाही पुरी पडत नाही.

म्हणून मोठ्या होड्या मागे ठेवून सुरुवात एकट्याच्या होडीने झाली. कयाक, कनू, एकट्याने वल्हवायची आउटरिगर अशा होड्या बाहेर निघाल्या. एकाच घरातले दोघे असतील तर दोघांची होडी. पुढे नियम सैल झाल्यावर काही ठिकाणी मोठी होडी निम्म्याहून कमी माणसे घेऊन निघाली. मधली बाके रिकामी, एकाआड एक बाजूला माणूस आणि ढोलवाला काठावर. सरावाला ढोलावाचून अडत नाही.

खरा धोका काठावर

पाण्यावर गेल्यावर माणसे आपोआप लांब होतात. ती जवळ येतात ती पाण्यात उतरण्याआधी आणि बाहेर आल्यावर. होडी उचलायला चौघे लागतात. कपडे बदलायची खोली लहान आणि बंद असते. येताना एका गाडीत चौघे येतात. सराव संपला की आत बसून चहा होतो.

बंद खोलीत काय होऊ शकते याचा धडा व्हँकूव्हरच्या दक्षिणेला, सीमेपलीकडच्या वॉशिंग्टन राज्यात मिळाला होता. १० मार्च २०२० रोजी स्कॅजिट खोऱ्यातल्या एका गायनमंडळाची तालीम झाली. ६१ जण सुमारे अडीच तास एकत्र होते. त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. त्याला धरून ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. गाताना श्वास जसा जोरात बाहेर पडतो तसाच तो व्यायामातही पडतो. म्हणून हिवाळ्यात बंद खोलीत यंत्रावर होणारा वल्ह्याचा सराव हा पाण्यावरच्या सरावापेक्षा जास्त जोखमीचा ठरला.

यातून क्लबांनी साधे नियम केले. घरूनच खेळाचे कपडे घालून यायचे आणि ओल्या कपड्यांनिशी घरी जायचे. कपड्यांची खोली बंद, संडास तेवढा उघडा. वल्हे, लाइफ जॅकेट आणि पाण्याची बाटली ज्याची त्याची. क्लबाचे लाइफ जॅकेट वापरले तर साबणाच्या पाण्याने धुवायचे आणि नीट वाळवायचे. त्यावर ब्लीच ओतायचे नाही, कारण त्याने कापड आणि शिवण कमजोर होऊन जॅकेट ऐनवेळी दगा देऊ शकते. एक गट निघून गेल्यावरच दुसरा गट आत.

मास्क काठावर घालायचा आणि होडीत बसल्यावर काढून कोरड्या पिशवीत ठेवायचा. ओला मास्क नाकातोंडाला चिकटतो आणि श्वास कोंडतो. पाण्यात पडलेल्याच्या तोंडावर तो नकोच.

पहिल्या महिन्यांत वल्ही आणि होड्या पुसण्यावर फार भर होता. पुढे कळले की वस्तूंना हात लावून होणारी लागण कमी असते, श्वासातून होणारी जास्त. शहाण्या क्लबांनी मग पुसण्यातला वेळ वाचवून दारे-खिडक्या उघड्या ठेवण्यावर आणि गट लहान ठेवण्यावर लक्ष दिले.

एक धोका टाळताना दुसरा

एकट्याच्या होडीने विषाणू लांब राहिला, पण पाणी जवळ आले. वीस जणांची होडी सहसा उलटत नाही. कयाक उलटते. मोठ्या होडीत वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला एकट्याने तोल सांभाळायची सवय नसते. उलटल्यावर मदतीला येणाऱ्याला अगदी जवळ यावेच लागते.

थंड देशांत गार पाणीच आधी मारते. कॅनडात यासाठी १–१०–१ असा सोपा आकडा शिकवतात. गार पाण्यात पडल्यावर पहिले १ मिनिट धाप आवरायची, कारण त्या धापेत पाणी नाकातोंडात जाते. पुढची १० मिनिटे हातपाय नीट चालतात, तेवढ्यात स्वतःला वाचवायचे. शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. तोवर तरंगते ठेवायला अंगावर लाइफ जॅकेट पाहिजेच.

म्हणून जाणत्या क्लबांनी आधीच ठरवले की नवशिक्याला एकट्याच्या होडीत सोडायचे नाही. वारा असेल तर निघायचे नाही. एकट्याची होडी म्हणजे एकटे जाणे नव्हे, दोन-तीन होड्या हाकेच्या अंतरावर राहतील. उलटलेली होडी दुसऱ्या होडीत बसूनच कशी सरळ करायची आणि माणसाला कसे वर घ्यायचे, याची तालीम उथळ पाण्यात करून घेतली. आणि हेही ठरले की कोणी बुडत असेल तर अंतराचा नियम बाजूला. आधी माणूस बाहेर काढायचा, मग हात धुवायचे, मास्क घालायचा आणि कोण कोणाच्या जवळ आले त्याची नोंद करायची. हे काठावर गोंधळात ठरवता येत नाही.

नियम बदलत गेले

इंग्लंडचे उदाहरण घ्या. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले. १३ मेपासून बाहेर व्यायामाला दुसऱ्या घरातल्या एका माणसाला भेटायची मुभा मिळाली आणि होड्या पुन्हा पाण्यात आल्या. ५ नोव्हेंबरपासून चार आठवडे पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ मध्ये तिसऱ्यांदा. २९ मार्च २०२१ ला उघड्यावरचे खेळ परत सुरू झाले. दर वेळी नवे नियम लिहीत बसण्यापेक्षा आधीच पायऱ्या आखून ठेवणे सोयीचे पडले. सगळे बंद, एकट्याची होडी, लहान ठरलेला गट, अर्धी होडी, पूर्ण होडी. साथ वाढली की एक पायरी खाली, ओसरली की एक पायरी वर. भांडण नाही, रुसवा नाही.

गट ठरलेला ठेवण्याचा मोठा फायदा असा की कोणी आजारी पडलेच तर आठ जणांना निरोप द्यावा लागतो, ऐंशींना नाही. आलेल्यांची नावे आणि फोन वहीत लिहून घेतले जात. इंग्लंडमध्ये अशी नोंद २१ दिवस ठेवायची पद्धत होती.

ताप लपवला जातो तेव्हा

वरचे सगळे नियम पाळूनही एक भोक उरते. करोनात लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. त्यावर आपला इलाज मर्यादित. पण ज्याला कणकण जाणवते आहे त्याने घरी राहावे, एवढे तर आपल्या हातात आहे. तरी माणसे येतात. का?

ड्रॅगन बोटीत वीस जागा असतात. एक जण आला नाही की त्याच्या शेजारचा तोल सांभाळत बसतो. शर्यत जवळ असेल तर आपली जागा दुसऱ्याला जाईल ही धास्ती असते. ‘पाऊस असो, वारा असो, मी एकही सराव चुकवला नाही’ हे भूषण मानले जाते. अशा ठिकाणी घसा दुखत असल्याचे कोणी सांगत नाही. दाराशी तापमापक लावला तरी गोळी घेऊन आलेल्याचा ताप त्यात दिसत नाही.

इथे क्लबाचे वागणे कामाला येते. दुखणे सांगितले म्हणून जागा जाणार नाही, हजेरी कापली जाणार नाही, भरलेले पैसे पुढच्या महिन्यात धरले जातील, हे आधीच सर्वांसमोर जाहीर करावे लागते. आणि पहिल्यांदा जो ‘आज मला बरे नाही’ म्हणून घरी थांबेल त्याचे आभार मानावे लागतात. रोजंदारीवर जाणाऱ्या आपल्या माणसालाही ताप लपवावा लागतो, कारण एक दिवस गेला तर चूल अडते. त्याला बेजबाबदार म्हणून उपयोग नाही. खरे सांगणाऱ्याचे नुकसान होणार नाही एवढी व्यवस्था केली की माणसे खरे सांगतात.

कर्करोगातून उठलेल्या बायकांच्या संघांनी सगळ्यात सावध सभासद पाहून वेग ठरवावा, हे त्यांच्या बाबतीत रास्तच. जी अजून येऊ शकत नाही तिला विसरायचे नाही. फोन करायचा, घरच्या घरी रबरी पट्ट्यांनी हाताचा व्यायाम चालू ठेवायला सांगायचे, तिची जागा राखायची. त्यांचा पुढचा जागतिक मेळा साथीमुळे लांबला आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यूझीलंडमधल्या करापिरो सरोवरावर भरला. तेव्हा पुन्हा एका बाकावर दोघी बसल्या.

लक्षात ठेवण्यासारखे

लेझीमचा संच असो, कबड्डीचा संघ असो की विहारातला अभ्यासवर्ग, पुन्हा कधी श्वासातून पसरणारी साथ आली तर एवढे करता येईल :

१. जमायचे ते मोकळ्या हवेत. बंद खोलीत जमणे भाग असेल तर दारे-खिडक्या उघड्या, गट लहान, वेळ थोडा.

२. गट ठरलेला ठेवा आणि हजेरीची वही चालू ठेवा.

३. येण्याआधी, जाताना आणि चहाला माणसे जवळ येतात. लक्ष तिथे द्या.

४. ताप, खोकला, घसादुखी असेल तर घरी थांबा. थांबणाऱ्याचे कौतुक करा, त्याला टोचून बोलू नका.

५. आपल्यातला सगळ्यात अशक्त कोण आहे ते आधी ओळखा आणि त्याला झेपेल असा बेत करा.

आणि घरात कोणाची स्तनाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर एक वेगळी गोष्ट. ‘हात हलवू नकोस’ असे म्हणून तिला बसवून ठेवू नका. कोणता व्यायाम, केव्हा आणि किती, हे तिच्या डॉक्टरांना विचारा आणि हळूहळू वाढवा. त्या बाजूची बांगडी किंवा अंगठी घट्ट होऊ लागली, हात जड वाटू लागला, लाल होऊन ताप आला, तर वाट न पाहता दवाखान्यात जा.