सायकलीचे घरगुती वळणदर्शक दिवे

मोटारसायकली घरोघरी आल्या असल्या, तरी ग्रामीण जीवनातील सायकलीचे स्थान संपुष्टात आलेले नाही. शाळकरी मुले व कामावर जाणारे मजूर आजही तिचा आधार घेतात. पेडणे तालुक्यातील पार्से गावाच्या परिसरात रस्ते माडांमधून व कुंपणांमधून वळणे घेत जातात आणि वाड्यांकडे जाणाऱ्या वाटा त्यांना ठिकठिकाणी फुटतात. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या तालुक्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या परगावच्या चालकांना अशा आडवाटांची माहिती नसते.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू स्वीकारली, तरी गोव्यात डावीकडून चालण्याचाच प्रघात कायम राहिला. त्यामुळे उजवीकडील वाटेस वळताना सायकलस्वारास मागून व पुढून येणाऱ्या वाहनांचा मार्ग ओलांडावा लागतो. वळण्यापूर्वी हात दाखविण्याची रीत उत्तम आहे. परंतु तिन्हीसांजेनंतर हात दिसत नाही आणि पावसाळ्यात ओल्या उतारावर दोन्ही हात ब्रेकवर असणे आवश्यक असते. नेमक्या अशा वेळी वळणदर्शक दिवा उपयोगी पडतो.

हे दिवे घरी तयार करता येतात. त्यासाठी पिवळसर नारिंगी रंगाचे आठ एलईडी, दीड व्होल्टचे चार सेल, ५५५ क्रमांकाची टायमर चकती, १० हजार व ४७ हजार ओहमचा प्रत्येकी एक रोधक, १५० ओहमचे आठ रोधक, १० मायक्रोफॅरडचा एक धारित्र आणि सहा टोकांची, मधल्या स्थितीत बंद राहणारी कळ एवढे साहित्य लागते. ५५५ ही चकती हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ साली तयार केली. ती आजही सर्वत्र वापरात आहे.

चकतीचे पहिले टोक ऋण बाजूस आणि चौथे व आठवे धन बाजूस जोडावे. आठव्या व सातव्या टोकांमध्ये १० हजार ओहमचा, तर सातव्या व सहाव्या टोकांमध्ये ४७ हजार ओहमचा रोधक बसवावा. दुसरे व सहावे टोक एकत्र जोडून तेथून पहिल्या टोकापर्यंत धारित्र लावावा. त्याची ऋण खूण पहिल्या टोकाकडे असावी. धारित्र भरत व रिकामा होत राहिल्याने तिसऱ्या टोकावरील वीज चालू-बंद होते. वरील मापांनी दिवा मिनिटास सुमारे ८३ वेळा लुकलुकतो. वाहनांसाठी ६० ते १२० ही मर्यादा प्रचलित आहे. ४७ हजारांऐवजी १०० हजार ओहमचा रोधक घातल्यास ही संख्या ४१ च्या आसपास येते आणि संकेत मंद पडतो.

कळीच्या एका बाजूने सेलांची वीज चकतीस पोहोचावी व दुसऱ्या बाजूने तिसऱ्या टोकावरील वीज डाव्या अथवा उजव्या दिव्यांकडे जावी. अशी दुहेरी कळ घेतल्याने ती मध्ये असताना चकतीही बंद राहते आणि सेल विनाकारण संपत नाहीत. प्रत्येक बाजूस पुढे दोन व मागे दोन एलईडी लावावेत. प्रत्येकास १५० ओहमचा स्वतंत्र रोधक द्यावा, अन्यथा वीज समान वाटली जात नाही.

पुढील दिवे हँडलच्या दोन्ही टोकांजवळ बसवावेत. मागे कॅरियरवर सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची लाकडी वा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी बांधून तिच्या टोकांस दिवे लावावेत. दोन्ही दिवे जवळजवळ असल्यास दुरून डावे-उजवे ओळखता येत नाही. सायकलीचा सांगाडा तारेऐवजी वापरू नये. दमट खाऱ्या हवेत गंज चढून जोड तुटतो. हँडलच्या मानेजवळ तार थोडी सैल ठेवावी, नाहीतर वळताना तिला ताण बसतो. चकती व सेल झाकणाच्या प्लास्टिक डबीत ठेवावेत. आत शिरण्यापूर्वी तारेस खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच ओघळून जाते. डबीच्या तळाशी बारीक छिद्र असावे.

हे दिवे पुढील पांढऱ्या व मागील लाल दिव्याची जागा घेऊ शकत नाहीत. प्रखर उन्हात ते फिके दिसतात. तेव्हा हातच दाखवावा. मोटारीप्रमाणे सायकलीची कळ आपोआप मिटत नाही. वळण संपताच ती मध्ये आणण्याची सवय लावून घ्यावी, कारण चुकीचा संकेत हा संकेत नसण्यापेक्षा अधिक घातक ठरतो. दिवा लावला म्हणजे मागचे वाहन थांबलेच, असेही समजू नये. प्रथम मागे पाहावे, मग संकेत द्यावा, पुन्हा पाहावे आणि नंतरच वळावे.

शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासास हा प्रयोग घेतल्यास धारित्र व रोधक यांचे कार्य मुलांना प्रत्यक्ष दिसेल. पालक व पंचायत सदस्य यांनी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सायकली उभ्या करून, पन्नास पावलांवरून कोणता दिवा लागला हे ओळखता येते काय, याची परीक्षा घ्यावी. ते ओळखता आले, तरच दिवा योग्य रीतीने बसला असे समजावे आणि मगच मुलास त्या सायकलीने रस्त्यावर जाऊ द्यावे.